नेमाण्णांची मुकी रिव्हॉल्व्हरं

सकाळच्या कोवळ्या उन्हात माणसं काय काय करतात. कुणी पेपर वाचतं, कुणी सुपारी कातरतं. निपाणीचे नेमाण्णा दीडशे वर्षांपूर्वीच्या रिव्हॉल्व्हरची चक्री काढून डोळ्याला लावतात आणि तिच्या सहा भोकांतून पूर्वेकडं बघत बसतात. आधी एका भोकातून, मग दुसऱ्या. सहाही संपली की पुन्हा पहिल्यापासून. "काय दिसतंय अण्णा?" असं मी पहिल्यांदा विचारलं, तेव्हा डोळा न काढता म्हणाले, "सहा खोल्यांचं घर हाय. समद्या खोल्यांत ऊन आलंय. ऱ्हायला कोण न्हाय."

आता याच माणसाची दुसरी बाजू सांगतो. नेमाण्णा जैन. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही, दिवस मावळल्यावर पाण्याचा घोटही नाही. भिंतीवर मुंगी दिसली तर तिला जुन्या लग्नपत्रिकेवर चढवून परसात सोडून येणार, वर "जा बाई, तुझं गाव तिकडं" असं सांगणार. आणि अशा घरात सात रिव्हॉल्व्हरं! सगळी इंग्रजी अमदानीतली, सगळी मुकी. एकाचाही बार उडत नाही. प्रत्येकाचा कागद सरकारी शिक्क्यासकट फायलीत लावलेला. "अहो, पण तुम्ही अहिंसावाले..." असं कुणी म्हणायचा अवकाश, अण्णांचं ठरलेलं वाक्य येतं, "गोळी ही किरकोळ बाब हाय."

अशा माणसानं गेल्या पावसाळ्यात ती सातही रिव्हॉल्व्हरं स्वतःहून घराबाहेर काढली. ज्या गाढवाच्या हवाली केली, ते गाढव मी.

माझं गाव काकती. उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, माझं लहानसं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक ड्रिल, एक बफिंग मशीन आणि भिंतीला टेकून झोपणारे दोन कामगार. सहा वर्षांपूर्वी एका सकाळी धोतर-टोपीतला एक सडपातळ म्हातारा आत आला, माझ्या टेबलाशी उभा राहिला आणि रुमालाची गाठ सोडू लागला. रुमालातून नळी निघाली. नळीचं तोंड माझ्याकडं. त्याच आठवड्यात एका गिऱ्हाइकाला मी फोनवर नको ते बोललो होतो. मी हात वर केले. खरंच केले. एका हातात चहाचा ग्लास होता, तो सगळा माझ्याच मानेवरून आत गेला.

"हात खाली घ्या," म्हातारा म्हणाला, "एक स्क्रू पायजे."

त्या स्क्रूनं मला तीन रविवार रडवलं. त्याचे आटे आजच्या कुठल्याच मापात बसेनात. अण्णा शेजारी स्टुलावर बसून राहायचे. घाई नाही, सूचना नाही. तिसऱ्या रविवारी स्क्रू बसला. त्यांनी रिव्हॉल्व्हर कानाशी नेलं, चक्री हळूच फिरवली. टक, टक, टक. डोळे मिटून ऐकत राहिले आणि म्हणाले, "आता ह्याला झोप लागंल." माझ्या आयुष्यात माझ्या कामाची इतकी चांगली तारीफ कुणी केलेली नाही. बायकोनं तर नाहीच.

मग मी निपाणीला जाऊ लागलो. अण्णांच्या वडिलांचा तंबाखूचा व्यापार होता. घरामागची वखार आता रिकामी आहे, पण वास गेलेला नाही. दुपारी पत्रे तापले की भिंती तंबाखूचा उग्र, गोडसर श्वास सोडतात आणि माणसाला अर्धवट झोप लागते. त्या झोपेत अण्णा एकेक रिव्हॉल्व्हर उलगडायचे. जुन्या धोतराच्या मऊ तुकड्यांत बांधलेली असायची ती, दुपट्यातल्या बाळांसारखी.

"ह्यो एका मोजणी साहेबाचा. डोंगरात हिंडायचा. रात्री उशाला घिऊन झोपायचा, आन् सपनात आपल्याच बायकोला भ्यायचा."

"तुम्हाला कसं कळलं?"

"मूठ बघ की. घट्ट धरून झिजलीया. बार काढणारा मानूस अशी धरत न्हाय. भ्यालेला धरतोय."

दुसरं एका डाक बंगल्यातल्या म्हाताऱ्या गोऱ्याचं, त्यानं ते कागदावर वजन म्हणून वापरलं. तिसरं एका संस्थानिकाच्या मेहुण्याचं, त्यानं ते फक्त फोटो काढताना हातात धरलं. खरं-खोटं देव जाणे. पण वखारीतल्या त्या दुपारी हे सगळे लोक आमच्याभोवती मांडी घालून बसलेले असायचे, आणि त्यांतल्या कुणीही कधी कुणाला मारलेलं नसायचं. अण्णांचा नियमच तो होता. ज्यानं जीव घेतला नाही, तेच रिव्हॉल्व्हर घरात आणायचं. एकदा कोल्हापूरकडचा एक विक्रेता फुशारकीनं म्हणाला, "ह्यानं तिघं गारद केलेत बरं का!" अण्णांनी ती वस्तू खाली ठेवली, मोरीत जाऊन हात धुतले आणि चहाला थांबले नाहीत.

यावर त्यांच्या पत्नीचं, शांताक्कांचं मत वेगळं होतं. चहा ठेवताना त्या म्हणायच्या, "आमचे सात जावई बघितलास न्हवं परशराम? एक कमवत न्हाय, एक बोलत न्हाय. नुस्तं तेल पाजून झोपवायचं."

मला थापा मारायची खोड आहे. एकदा मी अण्णांना म्हणालो, जांबोटीजवळच्या एका वाडीत एका म्हाताऱ्याकडं इंग्रजाचं रिव्हॉल्व्हर आहे, भाताच्या कणगीत लपवलंय. वाडीचं नावसुद्धा मी जागच्या जागी तयार केलं. दुसऱ्या दिवशी शांताक्कांचा फोन: "हे कुटं गेल्यात?" जांबोटीकडं पाऊस म्हणजे काय चीज असते ते मला माहीत होतं, बसचे हालही माहीत होते. दिवसभर माझ्या घशाखाली घास उतरला नाही. (रात्री उतरला, खोटं कशाला सांगू?) चौथ्या दिवशी अण्णा आले, गुडघ्यापर्यंत चिखल, चेहऱ्यावर आनंद.

"वाडी गावली न्हाय. पन वाटेत एक म्हातारा गावला. त्येच्याकडं रिव्हॉल्व्हर न्हाय म्हणाला, पन पेज दिली. लई ग्वाड मानूस. त्येचा ल्योक गोव्याला असतोय, फोन करत न्हाय. दोन दिस बोलत बसलो." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुज्यामुळं झालं बघ."

त्यानंतर मी त्यांना थाप मारली नाही. थापेची गरजच पडली नाही. खरं वागूनच मी जे करून ठेवलं, ते आता सांगतो.

आषाढाच्या तोंडाला त्यांचा फोन आला. "परशा, गाडी घिऊन ये. सात जण हायत, चार म्हैनं तुज्याकडं ऱ्हातील."

मी गेलो तर पत्र्याची ट्रंक भरून तयार. कागदांची फाईल वर, आणि तिच्यावर पोलीस ठाण्याची पोच. ही पोच मिळवायला अण्णा तीनदा गेले होते. तिथला हवालदार म्हणाला होता, "चालतं का हे?" अण्णा म्हणाले, "न्हाय." "मग पोच कशाला? मोडीत घाला." हा अपमान अण्णांच्या इतका जिव्हारी लागला होता, की मला सांगतानाही त्यांनी ट्रंकेचं झाकण आधी लावून घेतलं. आतल्यांनी ऐकायला नको.

"पण बाहेर का काढताय?" मी विचारलं.

"गावात चातुर्मासाला माताजी, आमच्या साध्वी, येत्यात. पावसाळ्याचं चार म्हैनं हितंच ऱ्हातील. घरात हत्यार नगं."

मी लगेच चावलो, "तुम्हीच म्हणालता, गोळी किरकोळ बाब हाय!"

"मला किरकोळ. त्यास्नी न्हाय." मग ट्रंकेवर बसले आणि म्हणाले, "त्यातल्या धाकट्या माताजी म्हंजे आमची नंदा."

"नंदा कोण?"

"आमची पोरगी."

सहा वर्षं मी त्या घरात चहा पीत होतो. त्या घराला पोर नाही अशीच माझी समजूत होती. भिंतीवर एक फोटोही नव्हता. अकरा वर्षांपूर्वी, चोविसाव्या वर्षी नंदानं दीक्षा घेतली. केस उपटले, पांढरं लुगडं नेसली, मोरपिसांची पिंछी हातात घेतली आणि अनवाणी चालू लागली. "आता ती आमची कोन न्हवं," अण्णा म्हणाले. "ती फुडनं आली की आमी पाया पडायचं. पोरीच्या पाया. सवय हुती हळूहळू." दाराआड शांताक्कांच्या बांगड्या वाजल्या, पण त्या बाहेर आल्या नाहीत.

"एक इच्छा हाय बघ. एक डाव माज्या दारात थांबावी. माज्या हातनं तिच्या ओंजळीत दोन घास पडावंत. मग जाऊ दे कुटंबी."

मला वाटलं, यात अवघड काय? बोलवायचं जेवायला. तेव्हा अण्णांनी मला ते सगळं समजावून सांगितलं. माताजी दिवसातून एकदाच आहार घेतात, ओंजळीतून. सकाळी निघताना मनात एक खूण धरतात. नारळ घेतलेला माणूस, दोघांनी मिळून धरलेली कळशी, असं काहीही. गावातले श्रावक, म्हणजे संसारी जैन, आपापल्या दारात काही ना काही घेऊन उभे राहतात. ज्या दारात ती खूण दिसेल तिथंच थांबायचं. नाही दिसली तर त्या दिवशी उपास. खूण कुणाला सांगायची नाही, आणि कुणी विचारायची नाही.

"म्हंजे लॉटरी?"

"हौद," अण्णा कानडीत हो म्हणाले. मन भरून आलं की ते कानडीत शिरत. "तिकीट रोज काढायचं."

त्या पावसाळ्यात रोज साडेदहाला माझा फोन वाजायचा. "आज नारळ धरलता. गेली फुडं." "आज दोघांनी कळशी धरली. बघितलं, गेली फुडं." "आज कमळ." "आज केळीचं पान." आवाजात तक्रार नसायची, कुणीतरी हवामान सांगावं तसं सांगायचे. मीही डोकं चालवायचो. "ऊस धरा अण्णा, लहानपणी आवडत असंल." त्यांनी ऊस धरला. मागून शांताक्कांचा आवाज, "उद्या म्हस धरून उभं ऱ्हावा, लांबनं तरी दिसंल!" आणि मग जरा वेळानं, फोनपासून लांब, "आज तिला कोनाच्यातच मिळालं न्हाय म्हनं. उपास घडला." त्या दिवशी ती दोघंही जेवली नाहीत, हे मला नंतर कळलं.

श्रावण गेला, भाद्रपद गेला. ती सात जणं माझ्या कपाटात झोपून होती. आणि खंडेनवमी आली.

उद्यमबागेत खंडेनवमी म्हणजे दिवाळीच्या वरचा सण. आदल्या दिवशी मशीन बंद करून सगळं धुवायचं, पुसायचं, घासायचं. लेथ न्हाऊन माखून उभे राहतात. पाना, हातोडी, करवत, सगळ्यांना हळदकुंकू. माझ्या मनात उमाळा आला. म्हटलं, खऱ्याखुऱ्या हत्यारांना खंडेनवमीला विसरायचं? अण्णांनी पाठवलेल्या पाहुण्यांना आंघोळ नको? मी सगळ्यांत लहान रिव्हॉल्व्हर काढलं. बाकीच्या सहांवर काळपट, रेशमी झाक होती. याच्यावर मात्र डाव्या बाजूला, मुठीच्या वर, बोटाएवढा तांबूस डाग. मला वाटलं, अण्णांच्या नजरेतून सुटला बिचाऱ्यांच्या. मी बफिंग मशीन चालू केलं. अर्ध्या मिनिटात डाग गेला. आणखी पाच मिनिटांत ते रिव्हॉल्व्हर स्टीलच्या पेल्यासारखं लखलखू लागलं. माझं नाक मला त्यात दिसत होतं. झेंडूचं फूल लावून मी फोटो काढला आणि अण्णांना पाठवला. खाली लिहिलं: "धाकटा जावई न्हाऊन तयार!"

दोन निळ्या खुणा उमटल्या. उत्तर आलं नाही. मी समजलो, आनंदानं बोलती बंद झाली.

खंडेनवमीच्या दुपारी तीनला अण्णा वर्कशॉपच्या दारात उभे. निपाणीहून बसनं आले होते. कामगार चिरमुरे-खोबरं खात होते. मी तोंडभर हसून ते लखलखीत रिव्हॉल्व्हर त्यांच्या हातात दिलं. त्यांनी डावी बाजू वर केली. उजेडाकडं धरली. मग तिरकी धरली.

"लई मेहनत घेतलीस," म्हणाले.

"म्हंजे काय अण्णा! तुमचं म्हटल्यावर..."

"हितं काय हुतं ध्यानात हाय?"

"डाग हुता एक. काढला."

"आंगठा हुता."

मी हसत होतो तो तसाच राहिलो. तोंडात खोबऱ्याचा तुकडा होता.

"जायच्या आदल्या दिशी तिनं सातीबी पुसून ठेवली. म्हणाली, आप्पा, आता तुमचं तुमाला पुसाया लागंल. वैशाखाचं दिस. हाताला घाम. हे एक उचलून ठेवताना आंगठा लागला आसंल. पोलादाला मानसाचा घाम चालत न्हाय, गंज चढतोय. सा म्हैन्यांनी बघतोय तर आंगठा उमटलेला. रेघा सुदीक मोजता येत हुत्या." त्यांनी त्या गुळगुळीत जागेवरून बोट फिरवलं. "तेवढ्याला तेल लावत न्हवतो मी."

मी म्हणालो, "अण्णा, मला मारा." त्यांनी त्या रिव्हॉल्व्हरकडं बघितलं, मग माझ्याकडं. जरासे हसलेसुद्धा. "कशानं मारू? चालत न्हाय ते." मग रिव्हॉल्व्हर धोतराच्या फडक्यात गुंडाळून परत माझ्या हातात दिलं. "किरकोळ बाब हाय," म्हणाले, आणि बस चुकंल म्हणून निघून गेले. उन्हात त्यांची पाठ रस्त्याच्या वळणापर्यंत दिसत राहिली.

दुसऱ्या दिवशी दसरा. सोनं लुटायचं सोडून मी पहाटे मोटारसायकलनं निपाणी गाठली. माफी मागायची होती, पण दारात शांताक्का म्हणाल्या, "माफी मागनं मागशील. आंघूळ कर. आज आमचा भाचा आला न्हाय, उभं ऱ्हायाला मानूस कमी हाय. ताटाला तेवडं शिवू नगंस." न्हाणीत थंड पाणी अंगावर घेतलं, अण्णांचं ओलं धोतर नेसलो. अण्णांची कंबर आणि माझं पोट यांत जो फरक आहे तो त्या धोतरानं सगळ्या गल्लीला जाहीर केला.

आम्ही दारात उभे राहिलो. मध्ये अण्णा, हातात पाण्यानं भरलेला कलश, वर नारळ. शेजारी शांताक्का. कडेला मी. गल्ली सारवल्यासारखी स्वच्छ आणि गप्प. दारोदारी माणसं काही ना काही धरून उभी. कुणी फळं, कुणी दिवा. सगळं झोपेत बघितल्यासारखं वाटत होतं. लांबून चार पांढरी लुगडी येताना दिसली. पायांचा आवाज नाही. वाटेत एकेक जण वेगळ्या दारांकडं वळली. शेवटची, आहाराला निघताना लावतात तसा उजवा हात खांद्याला लावलेली, आमच्याकडं येऊ लागली. सावळी, वाळलेली, नजर जमिनीवर.

"वंदामि माताजी," अण्णांचा आवाज फुटला, "अत्र अत्र, तिष्ठ तिष्ठ..." म्हणजे इथं या, इथंच थांबा.

नेमकं तेव्हाच माझं धोतर सुटलं. मी दोन्ही हातांनी ते कवटाळलं आणि देवाच्या नावानं जे पुटपुटलो ते देवाला उद्देशून नव्हतं. वर बघतो तर माताजी थांबल्या होत्या.

त्या दिवशी त्यांच्या मनात कुठली खूण होती, ते मला कधीच कळणार नाही. कलश होता? नारळ होता? का एक जाडा माणूस दोन्ही हातांनी आपली अब्रू धरून उभा आहे, असं काही होतं? मी नंतर अण्णांना विचारलं तर ते म्हणाले, "इचारायचं न्हाय."

अण्णांनी त्यांना तीन प्रदक्षिणा घातल्या. आत नेलं. शांताक्कांनी पाय धुतले आणि ते पाणी कपाळाला लावलं. पाटावर बसून माताजींनी ओंजळ पुढं केली. अण्णांनी गुळाची पोळी कुस्करून तुपात कालवली होती. आषाढापासून रोज सकाळी ती ताजी होत होती. वाटी पुढं आली, तशी ओंजळ मिटली. गल्लीतून मागोमाग आत आलेली एक बाई हळूच म्हणाली, "माताजींनी गूळ सोडलाय. सात वरसं झाली." अण्णांनी वाटी बाजूला ठेवली. भात घेतला. एक शीत बाहेर पडलं नाही. घास, मग पाणी. घास, मग पाणी. बोलायचं नसतं. बाप-लेक एकमेकांकडं बघतही नव्हते. अण्णा फक्त ओंजळीकडं बघत होते. दोन्ही अंगठे जिथं बाहेरून जुळले होते, तिथं.

वीस मिनिटांत सगळं आटोपलं. माताजींनी ओंजळ सोडली, पिंछी उचलली, आणि ज्या वाटेनं आल्या त्याच वाटेनं गेल्या. शांताक्का आत जाऊन चुलीपुढं बसल्या. अण्णा पाटाशेजारी जमिनीवरच बसून होते.

"आंगठा तसाच हाय रं," ते म्हणाले. "आईवाणी, जरा आत वळल्याला."

पाटापुढं ओंजळीतून निथळलेल्या पाण्याचं लहानसं थारोळं साचलं होतं. काहीतरी उपयोगी पडावं म्हणून मी कोपऱ्यातलं फडकं उचललं आणि वाकलो.

"नगं," अण्णांनी माझं मनगट धरलं. "पुसू नगंस. वाळू दे आपलं आपन."